अळणी मास्तर

कुणाच्याही घरात पाऊल टाकण्याआधी मास्तर उंबऱ्याबाहेर थांबत आणि कोटाच्या खिशातून ओळंबा काढत. गवंड्याकडे असतो तसा, दोरीला बांधलेला पितळेचा लांबट लोळा. दोरी चौकटीच्या वरच्या टोकाशी धरायची, लोळा हलायचा थांबेपर्यंत वाट बघायची आणि मग घरधन्याला निकाल सांगायचा.

"दोन बोटं बाहेर गेली, भाऊ."

"मास्तर, कुडाची भित हाय. तिले काय करायचं सरळ राहून?"

"तिले काई नाई करायचं. तुले राह्यचं हाय तिच्यात."

आमच्या त्या जंगलातल्या गावात एकही भिंत ओळंब्यात नव्हती. बांबूचा कूड, त्यावर शेणमाती. एक पावसाळा गेला की प्रत्येक घर कुठल्या तरी बाजूला थोडं झुकायचंच. मास्तरांचंही झुकायचं. फरक एवढाच की ते आपली झुकलेली भिंत दर वर्षी पाडत आणि पुन्हा उभी करत. नाताळ जवळ आला की शाळेला चार दिवस सुट्टी, आणि मास्तर धोतर खोचून चिखल तुडवताहेत, हे ठरलेलं. "दुसऱ्याच्या घराले लावायच्या आंधी आपल्या घराले लावा लागते," म्हणत. बायका पाण्याला जाताना हसत. मीही हसायचो.

लोक त्यांना अळणी मास्तर म्हणत. का म्हणत ते सांगतो, पण आधी मी कोण ते सांगायला हवं. हे लिहायचं इतकी वर्षं टाळलं ते त्याच्यामुळेच.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांद्यातच मोडायचा. मी मूळचा वरोऱ्याचा. मॅट्रिकला नापास झालो आणि मामाच्या ओळखीनं एका ठेकेदाराकडे मुन्शी म्हणून लागलो. सगळे त्याला शेठ म्हणत. धानोऱ्याच्या पुढे, बैलबंडीनं एक दिवस लागायचा अशा गावात त्याचा डेपो होता. गावात दर बुधवारी बाजार भरे. जंगलातल्या पाड्यांवरून बायामाणसं टोपल्या घेऊन येत. चारोळी, मोहफुलं, हिरडा, लाख. डेपो ते सगळं घेई आणि बदल्यात मीठ देई. एक पायली चारोळीला एक पायली मीठ. चारोळी शहरात कशी विकली जाते हे त्यांना ठाऊक नव्हतं, मला होतं. पण हा झाला सौदा. माझं ओझं त्याहून लहान आहे आणि त्याहून जड.

मास्तर त्या गावातल्या मिशनच्या शाळेचे. शाळा म्हणजे एक खोली, एक फळा आणि अकरा मुलं. अंगात बिनकॉलरचा खाकी कोट, उन्हाळ्यातसुद्धा. पाय उघडे. जोडे घालत नसत. कारण विचारलं की म्हणत, "एका जोड्याच्या किमतीत इथी मानूस भेटते. मी पायात काऊन घालू?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, डोक्यात थोडा फरक आहे. मग कळलं की हे त्यांचं स्वतःचं बोलणं नाही. त्यांच्या गुराख्याचं आहे.

'माझा गुराखी' असंच म्हणत ते. ख्रिस्ती शास्त्रातले जुने संदेष्टे, देवाचा निरोप सांगणारे, त्यांना सगळेच पाठ होते, पण जीव होता तो या एकावर. दर बुधवारी, बाजार भरात आला की मास्तर मोहाच्या झाडाखाली उभे राहत आणि त्याची गोष्ट सांगत. पुस्तक हातात असे, पण उघडत नसत.

"डोंगरातला मानूस होता. गुरं राखे, उंबराच्या झाडाची निगा ठेवे. पंडित नाई, पुजारी नाई. देवानं त्याले ढोरामागून उचललं आन् म्हणतलं, जा, शहरात जाऊन सांग. काय सांग? का तुमी लोक सणाच्या दिवशीबी वाट पाहून राह्यले, सण कवा सरते आन् दुकान कवा खोलतो. माप बारकं करून राह्यले. तराजू वाकडा करून राह्यले. गव्हात कोंडा मिसळून गरिबाले विकून राह्यले. आन् मंग माह्या देवळात येऊन भजन म्हणून राह्यले! देव म्हणते, बंद करा ते. तुमच्या टाळाच्या मांगं मले रडणं ऐकू येते."

टोपलीवाल्या बायका ऐकत. निम्मं कळे, निम्मं नाही. मधेच मास्तर मोडक्यातोडक्या गोंडीत सांगू लागत, तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसत, कारण मास्तरांची गोंडी लहान लेकरासारखी होती. स्वर्गाबद्दल ते कधी बोलल्याचं मला आठवत नाही. मिशनचे वरचे लोक वर्षातून एकदा येत तेव्हा त्यांना हे खटके. "मास्तर, प्रेमावर बोला," असं एकानं माझ्यासमोर म्हटलेलं आठवतं. मास्तर म्हणाले, "त्याच्यावरच बोलून राह्यलो साहेब. माप बरोबर द्या म्हणून राह्यलो."

डेपोच्या ओट्यावरून मला ते सगळं ऐकू यायचं. माझ्या हातात तेव्हा मापाची पायली असायची.

आता अळणीपणाचं. माझं लग्न नवीन होतं. बायको गावात आली तसं तिनं मास्तरांना जेवायला बोलावलं. मास्तर आले, चौकटीला ओळंबा लावून झाला ("चार बोटं, मुन्शी. शेठचं घर हाय ना?"), पानावर बसले. भात, वरण, अंबाडीची भाजी. पहिला घास घेण्याआधी त्यांनी विचारलं, "बाई, मीठ कुठलं हाय?"

"डेपोतलंच, मास्तर. इथी दुसरं कुठी भेटते?"

त्यांनी वरण आणि भाजी हळूच बाजूला सारली आणि नुसता भात पाण्याबरोबर खाल्ला. अगदी सावकाश, एक शीत न सांडता. बायको रडकुंडीला आली. मास्तर म्हणाले, "तुह्या हाताले दोष नाई, बाई. ते मीठ माह्या जिभीले खुपते. तीन वर्सं झाले, मी अळणीच खातो."

पुढं दिवाळीला तिच्या माहेराहून मिठाचं गाठोडं आलं. तिनं लगेच मास्तरांना निरोप धाडला. ते बसले, विचारणार तेवढ्यात ती म्हणाली, "वरोऱ्याचं हाय मास्तर. मायनं धाडलं."

मास्तर इतके हसले की त्यांचे दात पहिल्यांदा दिसले. "मंग टाक बापा! मूठभर टाक!" त्या दिवशी त्यांनी बोटं चाटून खाल्लं. नुसतं मीठ चिमटीनं उचलून जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटून बसले. बायको अजून ते आठवते. ती त्यांची गोष्ट सांगते तेव्हा इथेच थांबते. तिला पुढचं अर्धंच ठाऊक होतं.

पुढचं असं.

डेपोत दोन पायल्या होत्या. दोन्ही लोखंडी, दोन्हींच्या काठावर सरकारी छाप. एकीनं माल घ्यायचा, तो शीग लावून, काठावर ढीग येईपर्यंत. दुसरीनं मीठ द्यायचं, ते काठाला फळी फिरवून. इतपत सगळ्याच बाजारांत चालायचं, त्याला कुणी पाप म्हणत नसे. एका पावसाळ्यात शेठ आला, मिठाची पायली उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "मुन्शीजी, मिठानं लोखंड सडते. तळाले जराशी लाख लावून घ्या."

लाख आमच्याकडे पोत्यांनी होती. मी थोडी वितळवली, पायलीच्या तळाला ओतली, वर राख चोळली. काळ्या तळावर काळा थर, कुणाला दिसण्यासारखा नव्हता. तो पहिला थर खरोखर गंजासाठी होता, असं मी आजही शपथेवर सांगू शकतो. पुढच्या वर्षी शेठ म्हणाला, "लाख झिजली असन ना?" झिजली नव्हती. मी दुसरा थर ओतला. तिसऱ्या वर्षी त्याला विचारावंही लागलं नाही. छाप मारून घ्यायला पायली धानोऱ्याला न्यायची असली की आधी लाख काढायची, परत आणली की पुन्हा ओतायची. या कामात माझा हात बसला होता. शेठनं मला कधीही, एका शब्दानंही, चोरी कर असं सांगितलेलं नाही. म्हणून तर मला ती त्याच्या नावावर टाकता येत नाही.

मास्तरांनी तो थर पाहिला नव्हता. पण पोरांना गणित शिकवताना घरून मीठ मागवून मोजायला लावत. आकडे जुळेनात. मग त्यांनी सागवानाच्या ओंडक्यातून स्वतःची पायली कोरली. आमची माल घ्यायची पायली दर काही दिवसांनी पाणी आणायला म्हणून मागून घेतली, भरली, आपल्यात ओतली, पुन्हा कोरली, पुन्हा ओतली. दोन महिने चाललं होतं. आणि एका बुधवारी मोहाच्या झाडाखाली चटई टाकून बसले. डेपोतून मीठ घेतलेली पहिली बाई त्यांनी हाक मारून बोलावली. "आण बाई, इथी टाक."

ती सोमरीबाई. तिशीची, उंच, डाव्या हातात जाड कडं. तिनं मीठ ओतलं. पायली बोटभर रिकामी राहिली. तिनं आत हात घालून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ओट्यावरून मी ओरडलो, "मास्तर, लाकूड हाय ते! लाकूड फुगते!"

"मंग पाण्यानं मोजू, मुन्शी," मास्तर म्हणाले. "पाणी कोणाची बाजू नाई घेत. आण तुही पायली."

मी नेली नाही. म्हटलं, शेठला विचारावं लागेल.

त्या दिवसापासून दर बुधवारी त्यांच्या चटईपुढे रांग लागू लागली. कुणी भांडलं नाही, ओरडलं नाही. नुसतं डेपोतून मीठ घ्यायचं, मास्तरांकडे जायचं, ओतायचं, रिकामी राहिलेली बोटभर जागा बघायची आणि घरी जायचं. ते शांतपणे बघणं मला सोसवेना. एकदा बाजार उठल्यावर मी त्यांना गाठलं. सरळ काही बोललो नाही. विचारलं, "मास्तर, तुमचा गुराखी म्हणते तो न्याय होते तरी कवा? शेठ तं चांद्याले घडीव दगडाचं घर बांधून राह्यला."

मास्तर ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत होते. म्हणाले, "तो पहिले थांबते. मानूस सोता सांगते का, म्हून पाह्यते. लय थांबते तो. त्या थांबण्याचं मले भेव वाटते, मुन्शी. वीज पडली तं एकदाच पडते."

मला वाटलं त्यांना कळलं आहे. मग वाटलं, नाही, सहज बोलले. त्या रात्री झोप लागली नाही. सांगायचं तर मला तेव्हापासून झोप कधी धड लागलेली नाही.

मास्तरांनी कचेरीत अर्ज धाडला. खाली सोमरीबाईचा अंगठा. वजनमापं तपासणारे साहेब बुधवारी येणार ही बातमी आम्हाला मंगळवारी सकाळीच मिळाली. लाकडाच्या ट्रकचा ड्रायव्हर घेऊन आला होता. शेठ निघायच्या घाईत होता. जीपमध्ये पाय ठेवता ठेवता म्हणाला, "मुन्शीजी, पायली घासून ठेवा." एवढंच.

बायकोला सातवा महिना होता. माझी नोकरी गेली असती तर वरोऱ्याला जाऊन मामाच्या दारात उभं राहावं लागलं असतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. त्या दुपारी डेपोच्या मागे निखाऱ्यावर पायली धरून बसलो असताना डोक्यात काय होतं ते सांगतो. लाख सुटू लागली. थर सैल झाल्याबरोबर पायली उलटी केली आणि आपटली. अख्खी चकती बाहेर पडली. भाकरीएवढी, बोटभर जाड, खाली पायलीच्या तळाचे खिळे उमटलेले. ती मी टाकून द्यायला हवी होती. नदी जवळच होती. का कुणास ठाऊक, फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली.

बुधवारी साहेब आले. बाजार सगळा डेपोपुढे जमला. साहेबांनी आपलं पितळी माप काढलं, पाण्यानं भरलं आणि आमच्या मिठाच्या पायलीत ओतलं. पाणी काठाला येऊन बरोबर थांबलं. थेंब सांडला नाही, थेंब कमी पडला नाही.

मास्तर पुढे आले. त्यांनी पायलीतलं पाणी ओतून दिलं, हात आत घातला, तळाला बोट फिरवलं आणि ते बोट नाकाशी नेलं. जळल्या लाखेचा वास लवकर जात नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आज बरोबर हाय, साहेब," ते म्हणाले.

"आज म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

ओळंब्याचा लोळा हलायचा थांबायला जितका वेळ लागतो, तितका वेळ ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. चौकटीकडे बघायचे तसे. एक वाक्य होतं. साहेब, काल दुपारी मी लाख काढली. एवढंच वाक्य. मी जमिनीकडे बघितलं.

"काई नाई, साहेब," मास्तर म्हणाले. "माप बरोबर हाय."

"आणि ही लाकडी पायली तुमची? हिच्यावर छाप कुठे आहे?"

"छाप नाई. पाण्यानं मोजून केली."

"बिनछापाचं माप बाजारात वापरणं गुन्हा आहे, मास्तर. तुम्ही शिकलेले दिसता."

साहेबांच्या शिपायानं कुऱ्हाडीनं ती सागवानी पायली फोडली. तीन घाव लागले. लाकूड चांगलं वाळलेलं होतं.

गर्दी पांगत असताना सोमरीबाई मास्तरांपुढे उभी राहिली. ती रडत नव्हती. "मास्तर," ती म्हणाली, "पाणी कोणाची बाजू नाई घेत म्हणला होता ना तू?"

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांना मान खाली घालताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

महिन्याच्या आत मिशनचं पत्र आलं. मास्तरांना दुसरीकडे हलवलं होतं, दूर, भामरागडच्या बाजूला. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. अकरा मुलं पुन्हा जंगलात टोपल्या घेऊन फिरू लागली. शेठनं हुकूम काढला की सोमरीबाईचा माल घ्यायचा नाही. तो पूर्ण हंगाम ती दर बुधवारी चारोळीची टोपली घेऊन ओट्याखाली उभी राही आणि तशीच परत जाई. तिच्या घरी ते वर्षभर अळणी शिजलं. मीठ माझ्या हातात होतं. मी दिलं नाही.

मास्तर गेले त्या सकाळी मी गावाबाहेर बंडीपर्यंत गेलो. बायकोनं वरोऱ्याच्या मिठाची पुरचुंडी दिली होती, ती त्यांच्या हातात ठेवली. मला वाटत होतं, आता एकट्यात बोलता येईल.

"मास्तर, मले एक सांगायचं हाय..."

"मले नको सांगू. मले वास आला होता." आवाज अगदी नेहमीचा. "ज्याह्यच्या मिठातून काढलं, त्याह्यले सांग."

"मंग तुमी साहेबापुढे काऊन नाई बोलले?"

"तू बोलशीन वाटलं. थांबलो होतो."

बंडी हलली. थोडं पुढे जाऊन ते मागे वळून म्हणाले, जवळजवळ गमतीनं, "माह्या गुराख्यालेबी असंच हाकललं होतं पाह्य. जा म्हणे, आपल्या मुलखात जाऊन भाकर खा!"

त्यानंतर मी वाट बघू लागलो.

मुलगी झाली. तिला पहिला ताप आला तेव्हा मनात म्हणालो, आलं. ताप उतरला. पुढच्या वर्षी डेपोला आग लागली. पळत जाताना वाटलं, आलं. दोन पोती हिरडा जळाला, बस. मी ती नोकरी सोडली, वरोऱ्याला येऊन कापसाच्या बाजारात अडत्याकडे लागलो. तिथं तराजूला कधी हात लावला नाही, पावत्या फाडल्या. मुलीचं लग्न ठरलं, मोडेल असं वाटलं, मोडलं नाही. शेठचं म्हणाल तर तो चांद्याच्या घडीव दगडाच्या घरात वीस वर्षं राहिला, आणि झोपेत गेला. प्रेताला गाव लोटलं होतं. मीही होतो. चिता पेटली तेव्हा मला त्याचा राग आला नाही, मत्सर वाटला. त्याची वाट बघणं संपलं होतं.

मला सगळे चांगला माणूस म्हणतात. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. कमी बोलतो. कमी बोलण्याचं कारण कुणी विचारत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक बाई पत्ता शोधत वरोऱ्याला माझ्या दारात आली. चाळिशीची, नर्सच्या पांढऱ्या साडीत. मास्तरांची मुलगी, ते भामरागडकडे गेल्यावर झालेली. मास्तर फेब्रुवारीत गेले होते. तिनं पिशवीतून ओळंबा काढून माझ्यापुढे ठेवला. पितळ घासून लख्ख केलेलं, दोरी नवी.

"बाबांनी तुम्हाला द्यायला सांगितलं."

"काही निरोप?"

ती विचारात पडली. "निरोप असा नाही. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. पण दारात कुणी आलं की विचारायचे, मुन्शी आला का? आम्हाला वाटायचं, कुणी जुने मित्र असतील." मग संकोचून म्हणाली, "मीठ मात्र त्यांनी पुढं कधी खाल्लंच नाही. एक पुरचुंडी होती जवळ, वरोऱ्याची म्हणायचे. ती नाताळाला उघडायचे. एक चिमूट."

बायकोनं आत जाऊन तोंडावर पाणी मारल्याचा आवाज आला.

बाई गेल्यावर मी स्टुलावर चढलो आणि आमच्या चौकटीला ओळंबा लावला. हे घर मी स्वतः बांधलं आहे, पक्क्या विटांचं. लोळा डोलला, थांबला. दोरी आणि चौकट एक. केसाचाही फरक नाही. वाकडं राहिलं होतं ते घर नव्हतं. इतकी भीती मला दुसऱ्या कशाची कधी वाटली नव्हती. स्टुलावर उभा राहूनच मी बायकोला हाक मारली आणि उरलेलं अर्धं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "आन् ते चकती कुठी हाय?"

ट्रंकेतच होती.

एक पोतं मीठ घेतलं. आता तिकडे एसटी जाते. बुधवारी उतरलो तेव्हा मोहाचं झाड होतं, डेपो नव्हता. सोमरीबाई कुठे भेटेल असं विचारावं लागलं नाही. झाडाखाली टोपली घेऊन बसली होती. केस पांढरे, डाव्या हातात तेच कडं. मी पुढे जाऊन म्हणालो, "जोहार, बाई. मी डेपोचा मुन्शी."

"वळखला," ती म्हणाली. "केस गेले तुहे."

मी फडकं सोडलं. चकती तिच्यापुढे ठेवली. खिळ्यांचे ठसे अजून स्पष्ट होते. मी सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, आजूबाजूला ऐकू जाईल असं. कुणी ओतली, किती वर्षं ओतली, मंगळवारी दुपारी कुणी काढली. मास्तर खोटे नव्हते. पाणीही नव्हतं. बाजारातली तरुण पोरं थांबून बघत होती. एकानं विचारलं, "कोण मास्तर?"

सोमरीबाईनं चकती उचलली, हातात तोलली, बोटानं जाडी मोजली. हुंगून पाहिली. मग टोपलीत ठेवली आणि विचारलं, "मास्तरले सांगतलं का हे?"

"मास्तर वारले, बाई."

तिनं एकदा झाडाकडे बघितलं. मग तिनं बाजूच्या दुकानातून पायली मागून आणली, माझ्यापुढे आपटली आणि पदर पसरून म्हणाली, "मोज."

मी पोतं सोडलं. शीग लावून मोजू लागलो. ती प्रत्येक पायलीला मोठ्यानं आकडा म्हणत होती, आणि पहिल्या आकड्याला आपल्याकडे म्हणतात तसं लाभ म्हणाली नाही, नुसतं एक म्हणाली. पदर भरला, मग टोपली, मग कुणाचं तरी घमेलं. शीग ढासळली की ती थांबून पुन्हा लावायला लावी. पोतं रिकामं झालं. मी ते उलटं करून झटकलं.

"सरलं, बाई."

"सरलं?" तिनं पदराची गाठ मारली. माझ्याकडे न बघता टोपली डोक्यावर घेतली. "मंग पुढच्या बाजाराले येजो."

पुढच्या बुधवारी मी गेलो. तिसऱ्या बुधवारी तिच्या मागे आणखी तिघी म्हाताऱ्या उभ्या होत्या, त्यांतल्या दोघींना मी ओळखलं. पाचव्या बुधवारी रांग झाडाच्या सावलीबाहेर गेली होती. मोजताना मी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, काठाकडे बघतो.

आज मंगळवार. पोतं दाराशी उभं करून ठेवलं आहे. बायको विचारते, आणखी किती बाजार. मला ठाऊक नाही. सोमरीबाई अजून पुरे म्हणालेली नाही.